पोरगं पिचर होईल का? बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो. शाळा उघडतात, पाठोपाठ शालेय स्पर्धांच्या संघनिवडीची गडबड सुरू होते आणि प्रत्येक पालकाचं म्हणणं एकच: "सर, एकदा बघून सांगा ना, पोरात दम आहे का?" मी निवृत्त क्रीडाशिक्षक. आधी सॉफ्टबॉल, मग बेसबॉल, असं नाशिकच्या मैदानांवर बरंच आयुष्य गेलं. तीच उत्तरं पन्नास वेळा फोनवर देण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो. खेळाचे नियम सांगत बसत नाही. विषय फक्त पिचरचा, म्हणजे जो बॉल टाकतो त्याचा.

१) माझ्या मुलाचा बॉल फार जोरात येतो. तो पिचर होईल ना?

होईलही. पण जोरात म्हणजे कुणाच्या तुलनेत? कॉलनीतल्या पोरांपेक्षा जोरात टाकणारा एक तरी मुलगा सिडकोच्या प्रत्येक गल्लीत असतो. आणि बारा-तेरा वर्षांच्या गटात ज्याचा बॉल सगळ्यांत वेगवान, तो बहुतेक वेळा सगळ्यांत आधी वयात आलेला असतो. आवाज फुटलेला, मिसरूड आलेलं, खांदे रुंद. दोन वर्षांत बाकीचे वाढतात आणि ही आघाडी विरते. त्यात काहींचे जन्मदाखले हा एक वेगळाच विषय असतो, त्यावर मी बोलत नाही.

निफाड-दिंडोरीकडचे पालक असतील तर मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो. द्राक्षाचे मणी वाटाण्याएवढे असताना घडाचं शेवटचं वजन व्यापाऱ्याला लिहून देता का? अंदाज बांधता, आणि मध्ये भुरी आहे, डावणी आहे, अवकाळी आहे हे धरून बांधता. मुलाच्या हाताचंही तसंच करा.

२) वेग मोजायचा कसा? मोबाइलमधली ॲप खरी असतात का?

स्पीड गन मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर ॲपपेक्षा साधं गणित बरं. मोबाइलमध्ये स्लो मोशनला सेकंदाला २४० फ्रेम घेता येतात. बाजूला उभं राहून असं शूटिंग करा की हातातून बॉल सुटतानाही दिसेल आणि कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये जातानाही. मधल्या फ्रेम मोजा आणि २४० ने भागा, सेकंद मिळाले.

आता अंतर. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरजवळच्या पट्टीपर्यंत, ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. १८९३ पासून मोठ्यांच्या खेळात हेच अंतर आहे. पण पिचर पाऊल पुढे टाकून बॉल सोडतो, त्यामुळे बॉलचा प्रवास साधारण दीड-पावणेदोन मीटरने कमी होतो. समजा १६.७ मीटर अंतर १४४ फ्रेममध्ये, म्हणजे ०.६ सेकंदात कापलं. वेग आला सेकंदाला २७.८ मीटर, ताशी १०० किलोमीटर. हा सरासरी वेग. हवेच्या विरोधामुळे बॉल वाटेत मंदावतो, आणि गन हातातून सुटतानाचा वेग दाखवते. त्यामुळे गनचा आकडा याहून चार-पाच किलोमीटरने जास्त येईल. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर हे करू नका. तिथे एक फ्रेम चुकली की पाच-सहा किलोमीटरची थाप होते. लहान गट कमी अंतरावरून खेळत असेल तर टेप घेऊन मोजा, पुस्तकातला आकडा धरू नका.

आणि कॅचरच्या ग्लोव्हचा 'फट्ट' आवाज ऐकून वेग सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तो आवाज कॅचरच्या हातकौशल्याचा असतो. चांगला कॅचर ८० च्या बॉललाही तोफेसारखा वाजवतो.

३) कोणत्या वयाला किती वेग चांगला?

अमेरिकेत चौदा वर्षांची चांगली मुलं साधारण १०५ ते ११५ किलोमीटरने टाकतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, सरळ फास्टबॉलची सरासरी आता ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे १५१ किलोमीटरच्या आसपास आहे. अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये १०५.८ मैलांचा, म्हणजे १७० किलोमीटरचा बॉल टाकला होता. हे आकडे भिंतीवर लावण्यापुरते ठीक. मला हवा असतो तो दुसराच आकडा: मागच्या दिवाळीला किती होता आणि या दिवाळीला किती आहे. ११० वर दोन वर्षं थांबलेल्या मुलापेक्षा ८८ वरून १०१ वर आलेला मुलगा मी आधी बघेन.

४) मग तुम्ही मैदानावर नेमकं काय बघता?

पहिलं म्हणजे, त्याला कळू देत नाही की मी बघतोय. मुलगा सहज, गप्पा मारत दोघांत बॉल फेकत असतो तेव्हा हात खरा दिसतो. कुणी बघतंय कळलं की प्रत्येक जण अंगातली सगळी ताकद लावतो आणि लय जाते.

मग बाजूने बघतो. उजव्या हाताच्या मुलाची छाती ज्या बाजूला उघडते, त्या तिसऱ्या बेसच्या बाजूने. गोफण फिरवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्वारीच्या मळ्यात मचाणावर उभं राहून पाखरं हाकणारा माणूस दगड मनगटाने फेकत नाही. पाय रोवतो, कमरेतून झोक घेतो, आणि दोरी सगळ्यात शेवटी येते. पिचरचा हात ही ती दोरी. पुढचं पाऊल जमिनीवर पडतं, कंबर बॅटरकडे वळते, आणि तेव्हा खांदे अजून मागेच असतात. हा क्षणभराचा पीळ ज्याच्यात आहे त्याच्याकडे वेग पुढे आपोआप येतो. ज्याची कंबर आणि खांदे एकदमच वळतात तो सगळं काम कोपराकडून करून घेतो. त्याचा आजचा आकडा कदाचित मोठा असेल. मला मात्र त्याच्या कोपराची काळजी वाटते. पाऊल टेकतं त्या वेळी कोपर साधारण खांद्याच्या रेषेत आला का, हेही बघतो. खाली लोंबकळत असेल तर हात कायम उशिरा पोचतो.

तिसरं, पुढचं पाऊल. मातीवर पावलाचा ठसा उमटतो, वीस बॉल झाले की जाऊन ते ठसे बघा. एकावर एक पडले असतील तर मुलाचं अंग त्याच्या ताब्यात आहे. हातभर पसरले असतील तर त्याला स्वतःला ठाऊक नाही आपण कसं टाकतो ते. ही परीक्षा फुकट आहे आणि माझ्या मते स्पीड गनपेक्षा खरी आहे.

चौथं, नेम. दोन बांबू रोवून सुतळी बांधायची. रुंदी १७ इंच, होम प्लेटएवढी. खालची सुतळी गुडघ्याला, वरची छातीच्या मध्यावर. वीस बॉल. तेरा-चौदाच्या मुलाचे निम्मे आत गेले तरी मी खूश असतो. पण आकड्यापेक्षा चुकलेले बॉल कुठे गेले ते बघतो. सगळे एकाच बाजूला, समजा उंच, गेले तर एकच खोड आहे आणि ती काढता येते. चारी दिशांना गेले तर काम मोठं आहे.

पाचवी गोष्ट मी चाळिसाव्या बॉलला बघतो, पाचव्याला नाही. पाचवा बॉल सगळ्यांचाच छान असतो. पस्तिशीनंतर कोण खांदा पाडतो, कोण पाठ वाकवून ढकलायला लागतो, कोण बॉलमधला वेळ वाढवतो, कोण सारखा पाणी मागतो.

आणि शेवटी, शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या, हातून सोपा बॉल सुटला की पिचर काय करतो. हात हवेत फेकतो, मातीला लाथ मारतो, की पाठ फिरवून पुढच्या बॉलची तयारी करतो? घरी तुम्ही हे बघितलेलं असेलच. भाऊ कॅरममध्ये हरवतो तेव्हाचा चेहरा आणि हा चेहरा एकच असतो.

५) क्रिकेटमधला फास्ट बॉलर सरळ पिचर होतो का?

आपल्याकडे सगळ्यांना असंच वाटतं, कारण आपल्याकडची मुलं गोल्फ क्लब मैदानावर बॉलिंग करतच मोठी होतात. पण बॉलरचा हात कोपरात सरळ राहायला लागतो, १५ अंशांपलीकडे सरळ केला तर तो थ्रो ठरतो. पिचरचं सगळं कसब त्या थ्रोमध्येच आहे. बॉलरला धाव मिळते, टप्पा मिळतो, खेळपट्टीची मदत मिळते. पिचर जागेवरून टाकतो आणि टप्पा नसतोच. बॉलही वेगळा. क्रिकेटचा १५६ ते १६३ ग्रॅम. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, पण घेराला किंचित मोठा. क्रिकेटच्या सवयीने लहान बोटांची मुलं तो तळव्यात रुतवून धरतात आणि मग तो फिरतच नाही.

म्हणून क्रिकेटच्या मॅचला गेलो तर मी बॉलरकडे कमी बघतो, डीप मिडविकेटला उभ्या मुलाकडे जास्त. सीमारेषेवरून कीपरच्या हातात थेट, सपाट थ्रो देणारा मुलगा सापडला की बॅटिंग-बॉलिंग काही विचारत नाही. कबड्डी-खोखोची मुलंही चालतात, पण त्यांना फेकायला सुरुवातीपासून शिकवावं लागतं. भालाफेकवाले मात्र सोनं. त्याचं उदाहरण पुढे आहे.

६) आम्ही नवरा-बायको दोघंही बुटके. पिचर उंचच लागतो ना?

उंचीचा फायदा आहे, खोटं बोलणार नाही. हात लांब, पाऊल लांब, बॉल बॅटरच्या जवळून सुटतो. पण पेद्रो मार्टिनेझ ५ फूट ११ इंच. एवढ्याशा अंगाला डावाचा भार झेपणार नाही असं त्याच्या क्लबला वाटलं आणि डॉजर्सने १९९३ मध्ये त्याला माँट्रियलच्या क्लबला देऊन टाकलं. पुढे त्याने तीन साय यंग पुरस्कार घेतले. हा त्या त्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळतो. टिम लिन्सेकमही ५ फूट ११. त्याने २००८ आणि २००९ असा तो लागोपाठ दोनदा घेतला.

मुलाची उंची साधारण कुठे जाईल याचा डॉक्टरी आडाखा सोपा आहे: आईची उंची अधिक वडिलांची उंची अधिक १३ सेंटिमीटर, भागिले दोन. वडील १६५, आई १५५ असेल तर १६६.५ येते. त्याच्या आठ-नऊ सेंटिमीटर खाली-वर होऊ शकतं. म्हणजे या घरातला मुलगा १५८ चाही होईल आणि १७५ चाही. एवढ्या मोठ्या फरकावर बाराव्या वर्षी निर्णय घ्यायचा नसतो.

७) कर्व्ह कधी शिकवायचा? यूट्यूबवर बघून तो आताच टाकतो.

टाकू दे गल्लीत, पण मॅचमध्ये नको. आधी फास्टबॉल, मग चेंजअप, आणि हे दोन्ही हवे तिथे पडायला लागले की चौदाच्या आसपास वळणारे बॉल. चेंजअपवर मी फार वेळ घालवतो. हाताचा झपाटा तोच, पकड खोल, बॉल दहा-पंधरा किलोमीटरने हळू. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. मुलांना तो आवडत नाही कारण त्यात मर्दुमकी दिसत नाही. जो मुलगा आपणहून चेंजअप मागतो त्याच्या नावापुढे मी खूण करतो. त्याला बॅटर कळायला लागलेला असतो.

कर्व्हनेच कोपर जातं असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. कोपर जातं ते मुख्यतः जास्त टाकल्यामुळे आणि थकून टाकल्यामुळे. पुढचं उत्तर त्यासाठी आहे, तेवढं एक तरी पूर्ण वाचा.

८) दिवसाला किती बॉल टाकावेत?

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाची नियमावली काढली. एका दिवसाची कमाल मर्यादा ९-१० वर्षांना ७५ बॉल, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. चौदापर्यंतच्या मुलाने २१ ते ३५ बॉल टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या पुढे चार दिवस. वर्षात चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग.

आकडे कशासाठी, तेही सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना प्रसिद्ध झाली. वर्षाला आठ महिन्यांहून जास्त काळ पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट निघाली. हात थकलेला असताना नेहमी टाकणाऱ्यांत छत्तीसपट. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, ४८१ मुलांचा दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० डावांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापत साडेतीनपट.

आता आपल्याकडची भानगड. अमेरिकेतला मुलगा पिचिंग करतो तेवढंच मोजलं की झालं. आपला मुलगा सकाळी मैदानावर साठ बॉल टाकतो, दुपारी शाळेच्या क्रिकेट संघात आठ ओव्हर, आणि रात्री फ्लडलाइटच्या टेनिस बॉल स्पर्धेत लाँग ऑनवरून थ्रो. खांद्याला काय कळतं कुठला खेळ चाललाय? हे सगळं एकाच खात्यात मांडा. चार महिन्यांच्या सुटीबद्दल विचाराल तर आपल्याकडे दहावी-बारावी आहे ना! परीक्षेच्या महिन्यांत पालक स्वतःच बॅट-बॉल कपाटात ठेवतात. मग परीक्षा संपल्या संपल्या उन्हाळी शिबिरात पाठवायची घाई करू नका. त्या काळात पांडवलेणीच्या पायऱ्या चढू द्या, पोहू द्या, पायांत ताकद येऊ द्या.

९) कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणतो. मलम लावू का?

नाही. फेकणं आजच बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं. मधली कूर्चा ताणाने उसवते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध तुटतो त्या जागी मुलाचं हाड सोलपटतं. पिचरच्या बाबतीत "खेळाडूला दुखतंच" हे वाक्य घरात उच्चारू नका.

आणखी एक. टॉमी जॉन ऑपरेशन केलं की वेग वाढतो, अशी अफवा पार आपल्यापर्यंत आली आहे. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात त्याच्याच दुसऱ्या हातातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, बसवली, तो १९७६ मध्ये परत उभा राहिला आणि १९८९ पर्यंत खेळला. ऑपरेशन चमत्काराचं होतं खरं. पण त्यानंतर परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि वेग वाढलाच तर तो त्या काळात केलेल्या व्यायामाचा असतो. तोच व्यायाम धड कोपरानेही करता येतो.

१०) स्काउट २० ते ८० असे गुण का देतात?

स्काउट म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारे. गुणांची ही परंपरा आहे. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी, ६० चांगला, ७० फार चांगला, ८० पिढीत एखादा. फास्टबॉल, कर्व्ह, स्लायडर, चेंजअप आणि नेम, प्रत्येकाला वेगळे गुण, आणि प्रत्येकाचे दोन आकडे: आज किती आणि मोठेपणी किती होईल. मला ही दोन आकड्यांची पद्धत फार आवडते. आपण शाळेत एकच आकडा लिहितो आणि तो मुलाच्या कपाळावर चिकटतो.

मी वहीत आजचा आकडा पेनाने लिहितो, उद्याचा पेन्सिलने.

११) एवढ्या साधनांनी तरी स्काउटांचा अंदाज बरोबर येतो का?

लाखो डॉलर खर्चून, कॅमेरे आणि डॉक्टर लावूनही ते सपशेल चुकतात. मेजर लीगचे क्लब दरवर्षी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात. १९९१ मध्ये ब्रायन टेलर हा शाळकरी पिचर सगळ्यांत पहिला निवडला गेला, यांकीज क्लबने त्याला १५ लाख ५० हजार डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या बाजूने मारामारीत पडला, खांदा गेला, आणि तो मेजर लीगमध्ये एक बॉलही टाकू शकला नाही. २०१३ चा पहिला क्रमांक मार्क अपेल. त्याला मेजर लीगचा पहिला सामना मिळाला २०२२ मध्ये, तिसाव्या वर्षी. २०१४ चा पहिला ब्रेडी एकेन. तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाची शंका आली म्हणून करार फिसकटला, पुढच्याच वर्षी त्याच कोपराचं ऑपरेशन झालं.

दुसरी बाजूही बघा. जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता, पिचिंग शेवटच्या वर्षी केलं. २०१० मध्ये नवव्या फेरीत, २७२ वा निवडला गेला, त्याच वर्षी कोपराचं ऑपरेशन. मेजर लीगमध्ये आला २०१४ मध्ये, आणि २०१८ व २०१९ चे साय यंग त्याचे. पनामाच्या कोळ्याचा मुलगा मारियानो रिव्हेरा हाही आधी शॉर्टस्टॉपच. संघाला पिचर कमी पडला म्हणून उभा राहिला, १९९० मध्ये काही हजार डॉलरवर करार झाला, आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, सर्वच्या सर्व मतांनी निवडलेला पहिला खेळाडू तो ठरला.

आपल्याला जवळचं वाटेल असं नाव कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने एका सामन्यात एकही हिट न देता १९ जणांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहावा निवडला आणि वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सने त्यालाच तिसरा निवडला. २०२३ मध्ये कोपराचं ऑपरेशन, २०२४ मध्ये मेजर लीग. एकच हात, दोन क्लब, दोन निकाल. दोघांकडे डॉक्टर होतेच.

म्हणून कुणी क्लासवाला तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाबद्दल छातीठोक बोलला तर चहा पाजा आणि घरी या.

१२) भारतातून कुणी गेलंय का?

२००८ च्या एका स्पर्धेत भारतभरातून सदतीस हजारांवर पोरांनी बॉल टाकून बघितला. त्यातून निवडले गेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू, बेसबॉल हातात न धरलेले. अमेरिकेत काही महिने शिकले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. दिनेश २०१० मध्ये बाहेर पडला. रिंकू खालच्या लीगमध्ये काही वर्षं टिकला, कोपराचं ऑपरेशन झालं, आणि नंतर तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत.

वेग दोघांकडेही होता. बाराव्या वर्षापासून बॅटरसमोर उभं राहण्याची सवय नव्हती, ती अठरा-एकोणिसाव्या वर्षी कुठून आणणार? तुमचा मुलगा आज तेरा वर्षांचा असेल तर निदान ही एक गोष्ट त्याच्याकडे आहे.

१३) याचा दहावीच्या गुणांना, नोकरीला उपयोग होतो का?

होतो. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळी गाठली की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणता खेळ, कोणती पातळी, कोणतं प्रमाणपत्र चालेल याचे शासन निर्णय बदलत असतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ धरून बसू नका. प्रमाणपत्रावरची नावाची स्पेलिंग त्याच दिवशी तपासा. हसू नका, यावरून फार पोरं अडली आहेत.

१४) मुलीला पाठवायचं आहे. तिच्यासाठी काय?

सॉफ्टबॉल बघा, महाराष्ट्रात हा खेळ चांगला रुजलेला आहे. तिथे बॉल खालून, हात पूर्ण गोल फिरवून टाकतात आणि महिलांचं अंतर ४३ फूट असतं. वर लिहिलेलं पावलाच्या ठशाचं, चाळिसाव्या बॉलचं आणि चेहऱ्याचं तसंच्या तसं लागू. हात खालून फिरतो म्हणून खांदा थकत नाही हा गैरसमज आहे, बॉल तिथेही मोजा.

१५) "अमेरिकेत पाठवतो, दोन लाख भरा" असा फोन आलाय.

भरू नका. खरा क्लब मुलाला पैसे देतो, मुलाकडून घेत नाही.

१६) तुम्ही स्वतः कधी चुकलात का?

हा प्रश्न खरं तर एकाच आईने विचारला होता, पण उत्तर सगळ्यांनी वाचावं.

आधी जपानमधली गोष्ट. रोकी सासाकी हा शाळकरी पिचर २०१९ मध्ये ताशी १६३ किलोमीटरने टाकत होता. इवाते प्रांताच्या स्पर्धेत त्याने एका सामन्यात १९४ बॉल टाकले, तीन दिवसांनी उपांत्य सामन्यात १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना. जिंकले तर कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जिथे त्याच्या शाळेचा संघ ३५ वर्षं गेला नव्हता. प्रशिक्षकाने त्याला उतरवलंच नाही. शाळा १२-२ अशी हरली आणि लोकांनी फोन करून शिव्या घातल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये, विसाव्या वर्षी, सासाकीने एकाही बॅटरला बेसवर न जाऊ देता पूर्ण सामना टाकला आणि १९ जणांना तीन स्ट्राइकवर बाद केलं. पुढे २०२५ मध्ये डॉजर्सकडे गेल्यावर खांद्याने त्याला काही महिने बाहेर बसवलंच. म्हणजे एवढं जपूनही खात्री नाहीच. पण त्या प्रशिक्षकाची आठवण मला वारंवार येते, कारण तसाच दिवस माझ्यावर आला होता आणि मी उलट वागलो.

माझ्याकडे दोन मुलं होती, एकाच वर्गातली. एक चौदाव्या वर्षी माझ्याएवढा उंच, बॉल असा की आमचा कॅचर ग्लोव्हच्या आत स्पंज घालायचा. त्याच्या वडिलांना मी तोंडभरून सांगितलं होतं की हा राज्य खेळणार. दुसरा काडीसारखा. बॉल हळू, पण जिथे सांगाल तिथे. त्याला मी सेकंड बेसला उभा केला आणि त्याच्याबद्दल पुन्हा विचारही केला नाही.

विभागीय स्पर्धेत उंच मुलाने सकाळी पूर्ण सामना टाकला. दुपारी अंतिम. तो म्हणाला, "सर, हात जड झालाय." मी म्हणालो, "आज एक दिवस रेट." तेव्हा बॉल मोजायची पद्धत आमच्याकडे नव्हती, हे खरं, पण हात जड झालाय हे मराठीतलं वाक्य मला कळलं होतं, हेही खरं. चौथ्या डावात त्याने बॉल टाकला आणि कोपर पोटाशी धरून खाली बसला. हाड जुळलं, नंतर तो खेळलाही, पण फर्स्ट बेसला. पिचरच्या जागी तो पुन्हा आला नाही आणि मी बोलावलंही नाही.

काडीसारखा मुलगा दहावीनंतर एका वर्षात वीतभर वाढला. बारावीत होता तेव्हा एकदा सरावाला पिचरच आला नाही, म्हणून मी त्याला म्हटलं, बॅटिंगसाठी जरा बॉल टाक. तीस बॉल झाल्यावर मी माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जाऊन बघितलं. पावलाचा ठसा एकच होता.

त्याच्या शालेय खेळाचे तेव्हा तीन सामने उरले होते.